वैशाखातला निळा टायर

टपरीवाली कौसल्याबाई टिप्परमधल्या कोळशाखाली मेली त्याच्या चौथ्या दिवशी शामबाबूनं श्रावणपुढं एक टाइप केलेला कागद सरकवला. टिप्परच्या मागच्या डाव्या जोडीतला आतला टायर त्या सकाळी मी तपासला, हवा बरोबर होती, आणि ड्रायव्हरला गाडी चालव असं मीच सांगितलं, असं त्यात लिहिलं होतं. खाली श्रावणचं नाव, बापाचं नाव आणि सहीपुरती रिकामी जागा.

"वाचत काय बसला? मार सही," शामबाबू म्हणाला. हा यार्डाचा मॅनेजर. पोट टेबलाला टेकवून बोलायची त्याला सवय होती. "तीन वाजता साहेबाले हा कागद ठाण्यात द्याचा हाय."

"यातलं एक अक्षर खरं नाही," श्रावण म्हणाला. "त्या टायरावर मी फुली मारलती."

"दाखव फुली."

फुली दाखवता येत नव्हती. तिथंच श्रावणचं सगळं अडलं होतं. सही केली तर कौसल्याबाईच्या मरणाचा गुन्हा त्याच्या एकट्याच्या नावावर चढणार होता, आणि नाही केली तर मारलेली फुली तो आणणार कुठून?

वणीहून राजूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या या यार्डात तो सव्वीस वर्षं टायर बघत होता. खाणीतून कोळसा भरलेलं टिप्पर आधी यार्डाच्या गेटवर यायचं आणि तिथून सुटलं की मालगाडीत कोळसा ओतायला रेल्वेच्या सायडिंगवर जायचं. श्रावण हातोडीचा एक ठोका मारायचा. भरलेला टायर टणकन बोले, आणि हवा कमी असली की पडसं झालेल्या माणसासारखा भद्द आवाज काढी. मग तो साबणाचा फेस फासायचा, कुठं बुडबुडा धरतो ते बघायचा, आणि गळती सापडली की खडूनं टायरवर हातभर फुली ओढायचा. फुलीची गाडी चौकीदार सोडत नसे. खुद्द मालक स्टेरिंगवर बसला असता तरी सोडली नसती. बौद्धपुऱ्यातल्या माणसाच्या खडूनं आपली गाडी अडते हे कितीकांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण टायर फुटून मरणं त्याहून कडू, म्हणून गुमान गिळत होते.

मग मागच्या दिवाळीनंतर कॅमेरा आला. पिस्तुलासारखा मुठीत धरायचा, मागच्या बाजूला चार बोटांचा पडदा. सोबत प्रियंका आली. यवतमाळला डिप्लोमा केलेली, अंगानं काडी आणि तोंडानं करवत. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना उभं करून सांगितलं, की हा उजेड बघत नाही, ऊब बघतो. गरम असेल ते लाल, पिवळं. थंड असेल ते निळं. हवा कमी झालेला टायर चालताना मुडपतो, त्यानं तापतो आणि लाल दिसतो. आणि उभ्या टायरला बारीक भोक असलं तर तिथून सुटणारी दाबातली हवा गार असते, म्हणून तेवढ्या जागी निळा ठिपका येतो.

"टायरनं सकाळी काय खाल्लं तेही दिसते काय?" श्रावणनं विचारलं. ड्रायव्हर हसले.

प्रियंका हसली नाही. "काका, त्या उन्हातल्या टायरवर हात ठेवा. ठेवा तर."

त्यानं ठेवला. उचलला तेव्हा पडद्यावरच्या लाल टायरात पाच बोटांचा निळसर पंजा तसाच उमटून राहिला होता. बघणारे जवळ सरकले.

"तुहा हात थंडा पडला, श्रावण," शामबाबू म्हणाला. "आजपासून गेटवर पडदा चालन. खडू घरी ने, पोराईच्या पाटीले होईन."

त्या दिवसापासून चौकीदार फुलीकडं बघेना. श्रावण मात्र फुल्या मारतच राहिला. कोणी न वाचणाऱ्या भिंतीवर लिहीत राहावं तसा.

खरं तर कॅमेरा चांगला होता. श्रावणला ते महिन्याभरात कळलं होतं, आणि त्यामुळंच तो जास्त जळत होता. जोडीतला आतला टायर, जिथं हातोडी नीट पोचत नाही, तो कॅमेरा मागून वाकून अचूक धरायचा. दुपारी प्रियंका डबा खायला गेली की श्रावण टेबलावरचा कॅमेरा उचलायचा आणि चोरासारखा बघायचा. सावलीतली बाजू, उन्हातली बाजू, तापलेला ब्रेक, गळका व्हॉल्व्ह. दोन महिन्यांत त्याला रंग वाचता यायला लागले. बोलला मात्र कोणापाशी नाही. ज्यानं आपला खडू मोडला त्याचेच गुण गायचे, एवढा मोठा जीव त्याचा नव्हता.

एप्रिल लागला तसा कॅमेरा दिवसाला आठ-आठ गाड्या अडवू लागला. ड्रायव्हरांच्या खेपा बुडू लागल्या. राजूर फाट्यावर कौसल्याबाईची चहाची टपरी होती. यार्डातला प्रत्येक माणूस तिच्या हातचा चहा प्यायलेला. तिथं एक दिवस देवसिंग ड्रायव्हर तणतणत बसला होता. देवसिंग दिग्रसकडच्या तांड्यावरचा, सतरा वर्षं टिप्पर चालवणारा, डोक्यानं जरा तापट.

"दोन खेपा गेल्या आज. त्या पोरीनं लाल दाखवलं अन् संपलं."

श्रावण बशीत चहा ओतत होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "त्या कॅमेऱ्याले डोळे हाय, डोकं नाही. गेटच्या आंधी टायरावर दोन बकेट पानी मारा. निळाच दिसन."

"काय सांगता?"

"करून पाहा."

कौसल्याबाई गाळणी आपटत म्हणाली, "असं कायले शिकवता हो भाऊ? अन् फुटला मंग एखादा?"

"फुटन तं मशीनचं नाक फुटन, बाई. माही फुली तं हायच."

बोलला, चहा प्यायला आणि उठून गेला. त्याला मशीनची फजिती बघायची होती. मशीन हरलं की लोक पुन्हा खडूकडं येतील, असा त्याचा हिशेब. फुलीकडं बघणं लोकांनी कधीच सोडलंय, हे तो त्या हिशेबात धरायला विसरला.

दुसऱ्या दिवसापासून नाल्यावर गाड्या थांबू लागल्या. कॅनमधून पाणी, टायरवर सपासप, आणि गाडी गेटवर. आठवड्याभरात शामबाबूनं ते पाहिलं. त्यानं कोणाला शिवी दिली नाही, कोणाला अडवलं नाही. त्यानं गेटच्या दोनशे पावलं अलीकडं पाण्याचा पाइप आणून टाकला, त्याला चांगला जाडजूड फवारा लावला, आणि कागदोपत्री लिहिलं, कोळशाची धूळ बसवण्यासाठी. मग काय, रोज सगळा पडदा निळा. गाडी अडायचं नाव नाही. प्रियंका दोनदा भांडली, ओले टायर तपासून उपयोग नाही म्हणाली. शामबाबू म्हणाला, "तुले फोटो काढाचा पगार हाय, बाई. अक्कल शिकवाचा नाही."

कौसल्याबाई मेली त्या दिवशी सकाळी नऊला देवसिंगची रिकामी गाडी श्रावणपुढं आली. डाव्या जोडीतला आतला टायर भद्द बोलला. श्रावण खाली सरपटला, फेस लावला, व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडा फुगला. बाहेर येऊन त्यानं जोडीतल्या बाहेरच्या टायरवर मोठी फुली मारली.

"आतला गळून राह्यला. भरू नको. आत्ताच काढतो."

"एक खेप मारून येतो, मंग काढ."

"फुली दिसते का तुले?"

"मले दिसते," देवसिंग दात दाखवत म्हणाला. "पडद्याले दिसत नाही न."

तो गेला, कोळसा भरून दुपारी एक वीसला परत आला. फवाऱ्याखाली गाडी उभी केली. पाण्यानं टायरची ऊब धुतली आणि फुलीही धुतली. गेटवर फोटो निघाला, निळाशार. गाडी सुटली. राजूर फाट्याच्या वळणावर आतला टायर पार बसला, दोघांचं ओझं एकट्यावर आलेला बाहेरचा फुटला, आणि टिप्पर कुशीवर पडलं. कौसल्याबाई टपरीमागं ग्लास विसळत होती. कोळसा उपसायलाच पाऊण तास लागला.

देवसिंगचा हात मोडला. तोच प्लास्टरचा हात गळ्यात बांधून तो आज ऑफिसात भिंतीला टेकून उभा होता, आणि श्रावणकडं बघत नव्हता. कारण त्यानं आपल्या कागदावर आधीच सही केली होती. श्रावणनं टायर चांगला आहे असं मला सांगितलं, असं त्याच्या कागदात होतं. तुझं नाव केसमधून सोडवतो, असं शामबाबूनं त्याला सांगितलं होतं.

कूलर घरघरत होता. नागपूरहून आलेले कंपनीचे साहेब खुर्चीत होते. कोपऱ्यात प्रियंका लॅपटॉप घेऊन बसली होती.

"हे पाहा," साहेब श्रावणला म्हणाले, "कंपनीनं तपासणी केली होती, त्याचा फोटो आहे. वेळ आहे, तारीख आहे. आमच्या बाजूनं काही कमी नाही. टायरचं काम तुमच्याकडं होतं."

"फोटो पाहू द्या."

"तुले काय समजते त्याच्यातलं?" शामबाबू म्हणाला.

"पाहू तं द्या."

साहेबांनी मान हलवली. प्रियंकानं लॅपटॉप फिरवला. श्रावण वाकला. चार निळे टायर, बाजूला आकडे. त्यानं एकेका आकड्यावर बोट ठेवलं. मग ताठ झाला आणि त्याच्या आवाजातला दबकेपणा गेला.

"साहेब, इथं टायर एकतीस लिहिलं हाय. अन् हा बाजूचा रस्ता एकसष्ट. बरोबर?"

"मग?"

"भरली गाडी खाणीतून आली. वैशाखातले दुपारचे एक वीस. उभ्या गाडीचा टायर या दिवसात पन्नास दाखवते, चालत्याचा सत्तर. आपल्या घरच्या माठातलं पानी एकतीस राह्यत असन. टायर एकतीस कसा? अन् हे खाली पाहा, चाकाच्या मांगं रस्त्यावर निळा पट्टा गेला हाय. वल हाय ते. हा टायर थंडा नाही साहेब, हा वला टायर हाय. गेटच्या आंधी धुतला. माही फुली त्याच पान्यात गेली."

साहेबांनी प्रियंकाकडं पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ओल्या टायरचा फोटो काही सांगत नाही. मी दोनदा लेखी दिलंय. मेल आहेत माझ्याकडं." मग तिनं श्रावणकडं पाहिलं, आणि त्या नजरेत काही कौतुक नव्हतं. "वाचता येत होतं तर सहा महिने माझी टिंगल कशाला केली, काका?"

उत्तर देवसिंगकडून आलं. भिंतीचा टेकू सोडून तो पुढं आला.

"लय शाना झाला. साहेबाले हेही सांग न बे, पानी माराचं शिकवलं कोनं? फाट्यावर, बाईच्या टपरीत. दोन बकेट मारा, निळाच दिसन. कोन बोललं थे?"

शामबाबूचा चेहरा उजळला. बाजारात हरवलेलं पाकीट सापडावं तसा. "घ्या साहेब. काम झालं. लिहून घ्या."

श्रावणला नाही म्हणता आलं असतं. टपरीवर त्या वेळी देवसिंग होता, तो स्वतः होता, आणि कौसल्याबाई होती. देवसिंगचं कोण ऐकणार? तो तर आरोपी. आणि जिनं असं कायले शिकवता म्हणून टोकलं होतं ती कोळशाखाली गेली होती. आता तिचं तोंड काही बोलणार नव्हतं. चार दिवस रात्री त्याला तीच गाळणी आपटल्याचा आवाज येत होता.

"हाव," तो म्हणाला. "मीच बोललो. मशीनचा राग होता म्हून बोललो. त्या बाईनं मले तोंडावर हटकलं, तरी बोललो. लिहा. पन पुढचंही लिहा. पाइप कोनं टाकला? फवारा कोनं लावला? दीड महिना रोज सगळे टायर निळे येऊन राह्यले, ते पाहून कोनाचं पोट भरून राह्यलं होतं? अन् यानं फुली पाहून गाडी भरली, थे लिहा. सगळं लिहिलेला कागद आना, पयली सही माही. एकट्या श्रावणचा कागद मी सही करत नाही."

"पाइप धुळीसाठी होता," शामबाबू म्हणाला.

"धूळ टायरालेच बसते काय?"

"तुमच्या लोकांचं हेच. एक काम सांगा, लगेच संविधान काढतेत."

"अजून काढलं नाही," श्रावण म्हणाला. "आत्ता तं फकत टायर काढून राह्यलो. काढाची येळ आली तं थेही काढीन, अन् तुमच्यावानी पाठ नाही म्हननार, वाचून दाखवीन."

साहेबांनी लॅपटॉपचं झाकण बोटानं खाली दाबलं. "पाइपचा विषय आपल्या कागदात नाही. सही करायची नसेल तर राहू द्या. देवसिंगचा कागद पुरे आहे."

देवसिंग ऐकत होता. आपला कागद पुरे आहे हे ऐकून त्यानं टेबलावरच्या आपल्या सहीकडं पाहिलं.

"उद्यापासून येऊ नको," शामबाबू म्हणाला.

"उद्याचं उद्या. आज माही ड्युटी सहापर्यंत हाय."

श्रावण बाहेर पडला. ऊन डोक्यावर होतं. तो आधी फवाऱ्यापाशी गेला, पाइपचा कॉक फिरवून पाणी बंद केलं आणि कॉकचा दांडाच पाना लावून काढून खिशात घातला. मग शेडमधून रिमवर नंबर टाकायचा लाल ऑइल पेंट काढला आणि ब्रश घेतला. परत येतो तो प्रियंका कॅमेरा घेऊन गेटवर उभी.

"दे इकडं," तो म्हणाला.

"देणार नाही. मशीन खोटं बोलत नव्हतं. तुम्ही त्याला खोटं बोलायला लावलं."

"मालूम हाय मले."

"कॅमेरा मी धरते. तुम्ही रंग लावा. आणि माझ्याशी बोलू नका."

खाणीकडून भरलेल्या गाड्या येतच होत्या. फवाऱ्याखाली थांबल्या, पाणी पडलं नाही, शिव्या देत पुढं आल्या. पहिल्या गाडीचा पडदा ठीक निघाला, सोडली. दुसरीला मागचा उजवा आतला टायर लालभडक. श्रावणनं लाल फुली ओढली. चौकीदार गोंधळून ऑफिसकडं बघायला लागला. प्रियंका त्याला म्हणाली, "पडदा चालन, असंच सांगितलंय ना तुम्हाला? पडदा लाल आहे. अडवा."

ती गाडी बाजूला लागली. तिसरी गाडी किसनसिंगची. किसनसिंग म्हणजे देवसिंगचा धाकटा भाऊ. डाव्या जोडीत आतला टायर निखाऱ्यासारखा दिसत होता. श्रावणनं हातोडी मारली. भद्द. ब्रश बुडवला.

"हात लावू नको," किसनसिंग केबिनमधून खाली वाकून म्हणाला. "माह्या भावाले बरबाद केलं, आता माह्या मांगं लागला काय?"

श्रावणनं फुली ओढली. तेलाचा रंग होता, ओघळला तरी पुसणारा नव्हता.

"हा रंग पान्यानं जानार नाही," तो म्हणाला. "खाली उतर. टायर काढतो."

"तुह्या बापाचं यार्ड हाय काय?" किसनसिंगनं इंजिन रेटलं. गेट अर्धं उघडं होतं. समोर फाटा, फाट्यावर अजून कोळशाचा ढीग आणि त्यात अडकलेला टपरीचा पत्रा. गाडी हातभर सरकली.

आणि मग मध्येच थांबली. बंपरसमोर देवसिंग येऊन खाली बसला होता. प्लास्टरचा हात मांडीवर, पाय पसरलेले, जमीन तव्यासारखी तापलेली.

"भिया, हट तिथून," किसनसिंग ओरडला.

"चाबी काढ."

"त्या श्रावणच्या नादी लागून?"

"त्याच्यासाठी नाही बसलो," देवसिंग म्हणाला. "त्याले मी उभा जाळीन. त्यानंच शिकवलं, त्याच्या तोंडात किडे पडतीन." त्यानं श्रावणकडं पाहून बाजूला थुंकलं. "पन टायर भद्द वाजला थे मीही आयकलं. त्या दिवशीही आयकलतं. चाबी काढ."

किसनसिंगनं इंजिन बंद केलं. मागं हॉर्न वाजायला लागले. एका मागं एक सात गाड्या लागल्या, रस्ता गच्च झाला. पावणेतीनला साहेबांची पांढरी गाडी ऑफिसकडून आली आणि गेटवर अडकली. शामबाबू खाली उतरून हातवारे करू लागला. चौकीदार म्हणाला, पडदा लाल हाय, साहेब. आणि तो पहिल्यांदाच मान वर करून बोलला.

श्रावणनं ब्रश डब्यात टाकला. प्रियंकानं ऑफिसातून छापून आणलेले त्या दिवशीच्या फोटोंचे कागद त्याच्या हातात दिले. वर तिच्या दोन मेलच्या प्रती. पेंटचे डाग पडू नयेत म्हणून त्यानं ते दोन बोटांत धरले आणि वणीच्या दिशेनं जाणाऱ्या ऑटोला हात केला.

"कुठी चालला?" देवसिंगनं जमिनीवरूनच विचारलं.

"ठाण्यात."

"माहं नाव लिहिशीन तं पाह्य."

"लिहीन," श्रावण ऑटोत बसत म्हणाला. "माह्यानंतर."